कोणतं प्रथिन हळू बदलतं? एमएस्सीच्या प्रोजेक्टचा माझा अनुभव

एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या सेमिस्टरला वर्गातल्या बहुतेकांनी दही, शेतातली माती, नाहीतर औषधांना दाद न देणारे जीवाणू असे विषय धरले. मी कॉम्प्युटरवरचा विषय घेतला. आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. शिकवणारे जीव ओतून शिकवतात, पण केमिकल वेळेवर येईल आणि इन्क्युबेटर चालू असताना लाइट जाणार नाही, याची हमी कोणी देत नाही. जीनोमच्या, म्हणजे जीवाच्या सगळ्या डीएनएच्या, फायलींना लाइट गेल्याने काही होत नाही. त्या एनसीबीआय या अमेरिकेतल्या सरकारी संस्थेच्या साइटवर फुकट मिळतात. ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूच्या सगळ्या प्रथिनांची फाइल जेमतेम दोन एमबीची, गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही उतरते.

बाबांना मात्र हे पटत नव्हतं. दर जूनला सोयाबीन पेरायच्या आधी ते गुळाच्या पाण्यात रायझोबियमचं पाकीट कालवून बियाण्याला चोळतात. जीवाणू म्हणजे हाताला लागणारी वस्तू, असा त्यांचा हिशेब. "काहून माय, जीवाणू तर तुयापाशी एकही नाही, मंग प्रोजेक्ट कायचा करून राह्यली?"

प्रश्न मॅडमनी दिला होता. जीवाणूंची काही प्रथिनं कोट्यवधी वर्षांत जवळपास जशीच्या तशी राहतात, काही भराभर बदलतात. हा वेग ठरतो कशाने? सहज सुचणारं उत्तर असं, की ज्याच्यावाचून जीवाणू मरतो ते प्रथिन हळू बदलणार, कारण तिथला बहुतेक बदल जिवावर बेतेल. 1977 मध्ये अ‍ॅलन विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच विचार मांडला होता आणि तो बरीच वर्षं पटत आला. मॅडम म्हणाल्या, "पटतं ना? मग मोजून दाखव."

मोजायला दोन जीवाणू लागतात, एकाच पूर्वजाचे, पण वेगळे होऊन बराच काळ लोटलेले. मी ई. कोलाय के-12 आणि साल्मोनेला टायफीम्युरियम एलटी2 घेतले. पहिल्याचा जीनोम 1997 मध्ये पूर्ण वाचला गेला, दुसऱ्याचा 2001 मध्ये. दोघांची फारकत होऊन साधारण दहा कोटी वर्षं झाली असावीत. आधी जोड्या लावायच्या. ई. कोलायच्या प्रत्येक प्रथिनासाठी साल्मोनेलातलं सगळ्यात जवळचं प्रथिन ब्लास्ट या क्रम जुळवून पाहणाऱ्या प्रोग्रॅमने शोधायचं, मग उलटं शोधायचं, आणि दोन्हीकडून एकमेकांचंच नाव आलं तरच ती जोडी ठेवायची. बाकीच्या सोडून द्यायच्या. मग जोडीतली प्रथिनं, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या, अमिनो आम्लाखाली अमिनो आम्ल येईल अशी मांडायची आणि त्या मांडणीवर डीएनएचे कोडॉन, म्हणजे एकेका अमिनो आम्लासाठीचे तीन अक्षरी शब्द, बसवायचे. भावाच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, संध्याकाळी काम लावलं की सकाळपर्यंत झालेलं असायचं.

खरी मजा पुढे आहे. कोडॉनमधला बदल दोन प्रकारचा असतो. एकाने अमिनो आम्ल बदलतं, दुसऱ्याने बदलत नाही. प्रत्येकाचा दर काढतात, त्यांना डीएन आणि डीएस म्हणतात. पुस्तकात सरळ सांगतात, पहिल्याला दुसऱ्याने भागा, की प्रथिनावरचा नैसर्गिक निवडीचा दाब कळला. मॅडमनी मला भागाकार करण्याआधी ईएफ-टीयू या, प्रथिनं जुळवण्याच्या कामात लागणाऱ्या प्रथिनाचा जीन उघडून नुसता वाचायला सांगितला. ल्युसिन या अमिनो आम्लासाठी सहा कोडॉन आहेत. ईएफ-टीयूमध्ये ल्युसिन आलं की सीटीजी, पुन्हा सीटीजी, पुन्हा सीटीजी. पानभर जवळपास तोच एक. ज्या प्रथिनाच्या ढिगाने प्रती बनवायच्या, त्यात जीवाणू ठरावीक कोडॉनच वापरतो, कारण त्यांचे टीआरएनए (अमिनो आम्ल आणून देणारे रेणू) मुबलक असतात आणि काम भरभर होतं. म्हणजे अशा जीनमध्ये "काही फरक न पडणारे" बदलही मोकळे नसतात, डीएस खाली ओढला जातो आणि भागाकार फुगतो. संथ प्रथिन वेगवान दिसायला लागतं. म्हणून मी भागाकार बाजूला ठेवला आणि डीएनच मोजमाप म्हणून धरला.

आता अत्यावश्यक कोण, हे ठरवायचं. जपानच्या केओ विद्यापीठातल्या गटाने 2006 मध्ये ई. कोलायचा एकेक जीन काढून 3985 वाण तयार केले, आणि 303 जीन असे निघाले की ते काढून जीवाणू जगवता आला नाही. ही यादी माझ्या कामाचा कणाच झाली. दुसरीकडे कोणतं प्रथिन किती बनतं, हे हवं होतं. त्यासाठी कोडॉनवरूनच काढायचा एक निर्देशांक आहे, शार्प आणि ली यांचा, 1987 चा. तो सोपा, पण मला अर्धवट वाटला. कोडॉनवरूनच वेग आणि कोडॉनवरूनच प्रमाण काढलं तर परीक्षक विचारणारच की हे एकमेकांत गुंतलेलं नाही कशावरून. सुदैवाने 2014 मध्ये रायबोसोम प्रोफायलिंगने, म्हणजे रायबोसोम या प्रथिनं जुळवणाऱ्या यंत्रावर कोणत्या जीनचं काम किती चाललंय ते मोजून, ई. कोलायमधल्या बहुतेक प्रथिनांच्या उत्पादनाचे प्रत्यक्ष मोजलेले आकडे प्रसिद्ध झाले होते. मी दोन्ही वापरले.

अत्यावश्यक प्रथिनं सरासरीने हळू बदलतात, हे माझ्या तक्त्यात दिसलं. पण अत्यावश्यक प्रथिनांपैकी कितीतरी, रायबोसोमची तर सगळी, भरपूर प्रमाणातही बनतात. म्हणून उत्पादन सारखं असलेली प्रथिनं समोरासमोर ठेवून पुन्हा पाहिलं. अत्यावश्यकतेचा प्रभाव पार फिका पडला. उलट अत्यावश्यक असो वा नसो, जे जास्त बनतं ते हळू बदलतं, हे दोन्ही मोजमापांनी टिकलं. एदुआर्दो रोशा आणि आंत्वान दांशां यांनी 2004 मध्ये जीवाणूंबद्दल हेच दाखवलं होतं. पण आपल्या लॅपटॉपवर ते उभं राहताना पाहणं वेगळं. त्या रात्री मी घरात सगळ्यांना उठवून आलेख दाखवला.

एफटीएसएल हे प्रथिन यातलं माझं आवडतं. जेमतेम 121 अमिनो आम्लांचं. ते नसेल तर ई. कोलायचं विभाजन होत नाही आणि तो मरतो. पण पेशीत त्याच्या प्रती थोड्या, आणि निरनिराळ्या जीवाणूंत त्याचा अमिनो आम्लांचा क्रम इतका वेगळा की नुसत्या क्रमावरून ओळखणं जड जातं. ईएफ-टीयू मात्र पेशीतल्या सगळ्यात मुबलक प्रथिनांपैकी, आणि ई. कोलाय व साल्मोनेलात जवळजवळ एकसारखं.

असं का, हे बाबांनी विचारलं, तेव्हा मला नीट मांडावं लागलं. प्रथिन जुळवताना रायबोसोम अधूनमधून चुकीचं अमिनो आम्ल लावतो. दहा हजारात पाच चुका धरल्या, तर 400 अमिनो आम्लांच्या प्रथिनाच्या शंभरातल्या अठरा प्रतींमध्ये निदान एक चूक निघते. त्यातल्या काही नीट घडी न पडता, म्हणजे कामाचा आकार न येता, गुठळ्या करतात आणि पेशीला त्या निस्तराव्या लागतात. दहा प्रती बनवायच्या असतील तर एक-दोन खराब निघाल्या, चाललं. लाख बनवायच्या असतील तर अठरा हजार. म्हणून ढिगाने बनणाऱ्या प्रथिनाचा क्रम असा हवा की चूक झाली तरी घडी पडावी. असे क्रम थोडे, त्यामुळे बदलायला जागाच उरत नाही. हा विचार ड्रमंड आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये यीस्टवर मांडला. बाबा म्हणाले, "म्हंजे परसातलं तन हातानं उपटता येते, पन तेवढंच तन वीस एकरात निंगालं तं मजूर पुरत नाही." मी तेच वाक्य तोंडी परीक्षेच्या तयारीत घोकलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी थेट फ्लॅजेलिन काढलं. जीवाणूच्या शेपटीचं हे प्रथिन भरपूर बनतं, मग ते इतकं का बदलतं? प्रश्न रास्त होता. फ्लॅजेलिनची दोन्ही टोकं स्थिर आहेत, शेपूट त्यांच्यावरच उभी राहते. बदलतो तो मधला भाग, जो बाहेर उघडा असतो आणि यजमानाच्या अँटिबॉडी मुख्यतः तोच ओळखतात. तिथे नवं रूप धारण करण्यात फायदा आहे. ई. कोलायचे एच प्रतिजनाचे, म्हणजे अँटिबॉडींना वेगळ्या दिसणाऱ्या शेपटीच्या रूपांचे, 53 प्रकार त्यातूनच आलेत. उत्पादनाचा नियम मोडत नाही, त्याच्यावर दुसरा दाब चढतो, असं मी सांगितलं आणि सर पुढच्या पानावर गेले.

ज्यांना असाच प्रोजेक्ट करायचा आहे, त्यांनी जोडी जपून निवडावी. फार जवळचे दोन वाण घेतले तर फरक इतके थोडे मिळतात की दर काढता येत नाही. फार लांबचे घेतले तर एकाच जागी बदलावर बदल होऊन डीएसचा आकडा निरर्थक होतो. मी आता सोयाबीनच्या गाठीतल्या ब्रॅडीरायझोबियमसाठी जोडी शोधते आहे. यूएसडीए 110 या वाणाचा 91 लाख अक्षरांचा जीनोम 2002 पासून उपलब्ध आहे, त्याच्या शेजारी कोणता ठेवायचा ते ठरलं की काम सुरू.