तोच जंतू, तीन वेळा तीन स्पेक्ट्रम: माझा एफटीआयआरचा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी बॅसिलस सबटिलिस हा जंतू घेतला होता, अख्ख्या पेशींचा एफटीआयआर, म्हणजे पेशी इन्फ्रारेड प्रकाश कुठे किती शोषतात त्याचा आलेख (स्पेक्ट्रम) काढायचा. पेशी फोडायच्या नाहीत की काही नाही, जंतू वाढवलेल्या प्लेटवरून लूपने (तारेच्या कडीने) उचलायच्या, डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवायच्या, झिंक सेलेनाइडच्या विंडोवर पातळ थर सुकवायचा आणि स्कॅन. बर्लिनच्या रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूटमधल्या नाउमान आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्येच दाखवलंय की यावरून जंतू ओळखता येतात, पण त्यासाठी तोच जंतू आज आणि पुढच्या आठवड्यात सारखा दिसायला हवा ना! माझा दिसत नव्हता.

मशीन आमच्या डिपार्टमेंटला नाही. कॉमन फॅसिलिटीत स्लॉट घ्यायचा, फॉर्मवर मॅडमची सही, मग मेलची वाट. पहिला रन व्यवस्थित झाला, 24 तासांची प्लेट होती. दुसऱ्या वेळी मंगळवारचा स्लॉट म्हणून सोमवारी स्ट्रीक केलं, म्हणजे नव्या प्लेटवर जंतू पसरवून वाढायला ठेवले, आणि मंगळवारी गेले तर कळलं स्लॉट शुक्रवारी ढकललाय. एक मेल टाकला असता तर काय झालं असतं? प्लेट वाया कशाला घालवायची म्हणून मी ती 37 डिग्रीलाच ठेवली आणि शुक्रवारी तीच स्कॅन केली. आलेखात 1616, 1570, 1378 च्या आसपास (हे आकडे लहरसंख्येचे, cm⁻¹ मध्ये) नवेच पीक, म्हणजे उंचवटे! मला वाटलं कंटॅमिनेशन, दुसराच जंतू शिरलाय. परत स्ट्रीक, परत ग्रॅम स्टेन, कॉलनी एकसारख्या, परत फॉर्म, परत सही, तिसरा स्लॉटही पुढे गेला आणि परत तेच पीक, फक्त उंची वेगळी. तीन आठवडे गेले, रात्री झोप लागेना. शेवटी एक सिनियर ताई म्हणाली, अगं स्पोअर स्टेन करून बघितलास का? स्पोअर म्हणजे प्लेट जुनी झाली की पेशींत बनणारे सुप्त बीजाणू. मॅलेकाइट ग्रीन हा रंग लावला, तर गुलाबी पेशींमध्ये हिरवे ठिपकेच ठिपके. ते पीक स्पोअरमधल्या कॅल्शियम डायपिकोलिनेट या क्षाराचे होते. मशीन बरोबर होतं, जंतूही तोच, प्लेट म्हातारी झाली होती.

तर स्लॉट पक्का झाल्याचं फोन करून विचारल्याशिवाय स्ट्रीक करू नका. आणि दर वेळी त्याच ग्लिसरॉल स्टॉकपासून (गोठवून ठेवलेल्या मूळ जंतूंपासून), त्याच लॉटच्या मीडियावर (जंतूंच्या खाद्यावर), तासही तेवढेच. एकाच थराचे दहा स्कॅन म्हणजे रिपीट नव्हे, त्यातून फक्त मशीन स्थिर आहे एवढंच कळतं, वेगवेगळ्या दिवशी वाढवलेल्या तीन प्लेट तरी हव्यात.

हो, सुकवण्याचं राहिलंच. जुलैत हवा इतकी दमट की थर वरून कोरडा दिसतो पण आत पाणी असतं, आणि पाण्याचा 1640 चा बँड नेमका प्रथिनांच्या 1650 च्या अमाइड वन बँडवर बसतो. डेसिकेटरमधली (सुकवायच्या बंद भांड्यातली) सिलिका गुलाबी झाली असेल तर आधी ओव्हनमध्ये तापवून निळी करून घ्या. थर जाड झाला तर नंतर नॉर्मलाइज करून (गणिताने उंची सारखी करून) काही सुधारत नाही, सॅम्पल पातळ करून नवा थर द्या.

ऑगस्टमध्ये तीन तारखांच्या तीन प्लेट, सगळ्या 24 तासांच्या, सेकंड डेरिव्हेटिव्ह (बारीक फरक ठळक करणारं गणित) काढून 1200 ते 900 चा भाग एकावर एक ठेवला. तीन रेषा होत्या, दिसत एकच होती. मॅडमना तसाच लॅपटॉप उचलून दाखवायला नेला.