किनारा-नोंदीचं पान: लिंकमधलं मराठी वाचायचा टप्पा पूर्ण

ओहोटीला हाजी अली, कार्टर रोड, गिरगाव अशा किनाऱ्यांवर फिरताना जे दिसतं, ते सगळं एका लिंकमध्ये मावावं, एवढाच या पानाचा हेतू. डेटाबेस नाही, लॉगिन नाही. किनारा, वेळ, दिसलेले जीव हे सगळं लिंकमधल्या प्रश्नचिन्हाच्या पुढे. लिंक उघडली की जावास्क्रिप्टने ते वाचायचं आणि पानावर मांडायचं. या खेपेला वाचायचा भाग पुरा झाला.

नावं मराठीतच ठेवायची हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. कालवं, खुबे, तिसऱ्या ही शिंपल्यांतल्या जिवांची नावं रोमन अक्षरांत लिहायला गेलं की दहा जण दहा तऱ्हेने लिहितात आणि शोधताना काहीच सापडत नाही. त्याची किंमत म्हणजे लिंकची लांबी. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये (अक्षरं साठवायची सर्वमान्य पद्धत) तीन बाइट घेतं आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइट म्हणजे टक्क्याची खूण आणि पुढे दोन हेक्स अंक (० ते ९ आणि ए ते एफ). नुसता 'त' होतो %ई०%ए४%ए४. 'तिसऱ्या' या शब्दात वेलांटी, हलन्त, काना धरून सात चिन्हं, म्हणजे लिंकमध्ये ६३ जागा. मला ही किंमत मान्य आहे.

लिंक वाचायला यूआरएलसर्चपॅराम्स हे ब्राउझरमधलं तयार साधन वापरतोय. त्याआधी एकदा मुद्दाम हाताने तोडून पाहिलं, कारण क्रम कळला पाहिजे: आधी '&' वर तुकडे, मग पहिल्या '=' वर नाव आणि किंमत (त्या नावापुढचा मजकूर) वेगळी, आणि सगळ्यात शेवटी डीकोड, म्हणजे टक्क्यांची परत अक्षरं. कुणी ठिकाण म्हणून 'वरळी & हाजी अली' लिहिलं, तर त्यातला '&' लिंकमध्ये %२६ होऊन येतो. आख्खी ओळ आधी डीकोड केली की तो उघडा पडतो आणि ठिकाणाचे दोन तुकडे होतात. जानेवारी २००५च्या आरएफसी ३९८६ या लिंकांच्या रचनेच्या मानकातही हेच सांगितलंय: आधी भाग वेगळे करा, मग डीकोड करा, आणि एकच मजकूर दोनदा डीकोड करू नका.

एका नोंदीत अनेक जीव असतात, म्हणून 'दिसले' हे नाव लिंकमध्ये पुन्हा पुन्हा येतं. यूआरएलसर्चपॅराम्समधलं गेट फक्त पहिली किंमत देतं, सगळ्या हव्या असतील तर गेटऑल. नावच नसेल तर गेटकडून नल, म्हणजे 'काहीच नाही', मिळतं, गेटऑलकडून रिकामी यादी.

अधिकच्या चिन्हाकडे नीट लक्ष द्या. फॉर्ममधून आलेल्या लिंकमध्ये मोकळी जागा '+' होऊन येते, 'हाजी+अली' अशी. यूआरएलसर्चपॅराम्स तिची पुन्हा मोकळी जागा करतं; डीकोडयूआरआयकंपोनंट हे जावास्क्रिप्टचं नुसतं डीकोड करणारं फंक्शन मात्र '+' जसाच्या तसा ठेवतं. आपल्याकडे हे हमखास अडतं ते वेळेत. भारतीय प्रमाणवेळ लिहिताना शेवटी '+०५:३०' येतं. हा '+' लिंकमध्ये कच्चा गेला तर वाचताना तिथे मोकळी जागा उरते आणि वेळेचं प्रमाण रूप मोडतं. म्हणून तो %२बी होऊनच गेला पाहिजे. लिंक तयार करतानाही यूआरएलसर्चपॅराम्सच वापरलं की ते आपोआप होतं.

आता ज्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला ते. दोन मित्रांनी पाठवलेल्या लिंकांमध्ये 'तिसऱ्या' दिसायला एकच, पण तुलना केली की जावास्क्रिप्ट म्हणे वेगळे. टक्क्यांच्या रांगा शेजारी शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला. हा 'ऱ्या' तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, थेट 'ऱ' हे चिन्ह: %ई०%ए४%बी१. दोन, साधा 'र' आणि त्याला नुक्ता, म्हणजे खालचा टिंब: %ई०%ए४%बी० आणि मग %ई०%ए४%बीसी. तीन, साधा 'र', हलन्त आणि मागोमाग न दिसणारा जोडक, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर: %ई२%८०%८डी. पहिल्या दोन तऱ्हा नॉर्मलाइझला (मजकूर एका ठरलेल्या रूपात आणणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) एनएफसी हे रूप सांगितलं की एकच होतात. तिसरी होत नाही, कारण युनिकोडच्या हिशेबात ती मुळातच वेगळी अक्षररचना आहे. तिच्यासाठी एक ओळ वेगळी लिहिली: 'र', हलन्त आणि जोडक एकामागोमाग आले की त्यांच्या जागी 'ऱ' आणि हलन्त. आता तिन्ही तऱ्हांनी लिहिलेल्या तिसऱ्या एकाच ओळीत मोजल्या जातात. मराठीत शोध, गाळणी, याद्या असं काहीही करणाऱ्यांनी हे आपल्या कोडमध्ये घालाच. साऱ्या, वाऱ्या, किनाऱ्या, जिथे जिथे हा रफार-नसलेला र येतो तिथे हे लागू आहे.

मध्येच तुटलेल्या लिंका पण येतात. तीन बाइटांतले दोनच पोचले तर डीकोडयूआरआयकंपोनंट यूआरआयएरर ही चूक दाखवून थांबतं. यूआरएलसर्चपॅराम्स थांबत नाही, त्या जागी प्रश्नचिन्हवाला चौकट � ठेवून पुढे जातं. मला दुसरी वागणूक आवडते. वाचलेल्या मजकुरात � सापडला की पान 'लिंक अर्धवट आहे' असं सांगतं आणि बाकीची नोंद दाखवतं.

काही लिंका वाटेत पुन्हा एन्कोड होतात आणि %ई० चं %२५ई० होतं. टक्के संपेपर्यंत डीकोड करत राहायचा सल्ला मिळाला होता, तो मी घेतला नाही. कुणी शेऱ्यात 'आर्द्रता ८०%' लिहिलं, तर गेट ते बरोबर देतं. त्यावर पुन्हा डीकोड चालवलं की त्या एकट्या टक्क्यावर एरर येते. अशी दोनदा एन्कोड झालेली लिंक आली की पान ती ओळखून 'मूळ लिंक पुन्हा मागवा' एवढंच सांगतं.

लिंकमधून आलेला मजकूर पानावर टाकताना टेक्स्टकंटेंटच (मजकूर नुसता मजकूर म्हणून दाखवतं), इनरएचटीएमएल (मजकूर पानाचा कोड म्हणून वाचतं) नाही. लिंक कुणीही बनवू शकतो.

पुढचं काम म्हणजे ही सगळी नोंद प्रश्नचिन्हाऐवजी '#', म्हणजे हॅशच्या पुढे न्यायची. हॅशच्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही, त्यामुळे एखादा दुर्मीळ जीव नेमका कुठल्या खडकाजवळ दिसला हे सर्व्हरच्या लॉगमध्ये राहणार नाही. पहिलं '#' काढून उरलेली ओळ यूआरएलसर्चपॅराम्सला दिली की वाचायचा कोड तोच चालतो. फक्त पान उघडं असताना हॅश बदलला तर ब्राउझरची हॅशचेंज ही सूचना ऐकावी लागेल. ते या पावसाळ्यात, किनाऱ्यावर जाणं बंद असेल तेव्हा.