आमची वाटचाल : उद्यमनगरातले विमानवाले

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पंपाचे, डायचे, इंजिनाच्या सुट्या भागांचे गाळे कुणीही दाखवेल. आमचा पत्ता विचारलात तर आधी "ते विमानवाले होय?" म्हणून हसतील, मग दाखवतील. हसू देत. ह्याच गाळ्यात तयार झालेला डबा आज केरळपासून आसामपर्यंत लोक वापरतात.

डबा म्हणजे काय हे रिमोटवर मॉडेल विमानं उडवायच्या ह्या छंदातल्या माणसाला सांगायला नको, तरी एकदा लिहून ठेवतो. एका बाजूला कॉम्प्युटरवर विमानाचे गेम खेळायची यूएसबी जॉयस्टिक लावायची, दुसऱ्या बाजूने साडेतीन मिलिमीटरच्या पिनेची वायर ट्रान्समीटरच्या, म्हणजे विमानाच्या रिमोटच्या, ट्रेनर पोर्टला (शिकाऊ माणसाचा रिमोट लावायच्या खाचेला) जोडायची. मधे लॅपटॉप नाही. मूठ डावीकडे कलली की रानावरचं खरं विमान डावीकडे कलतं. मास्टर ट्रान्समीटर शिकवणाऱ्याच्या हातात असतो. त्याने दाबून धरलेला ट्रेनर स्विच सोडला की ताबा त्याच्याकडे परत.

सुरुवात विमानापासून झालेली नाही. मी मोटर स्टार्टरची पॅनेलं आणि स्टॅबिलायझर दुरुस्त करायचो. शेजारच्या गाळ्यात माझे दाजी लेथ चालवायचे. बहिणीचे यजमान म्हणून कौतुक करत नाही, पण दाजींनी एकदा हाताने चाचपून सांगितलं की भोक तिरकं आहे, तर मोजायची गरज नसते. २०१० च्या आसपास भंगारात यूएसबीच्या आधीच्या, जुन्या गेमपोर्टच्या जॉयस्टिक आल्या, पंधरा पिनांचा कनेक्टर असलेल्या. आत बघतो तर प्रत्येक अक्षाला शंभर किलोओहमचा साधा पॉट, म्हणजे फिरवला की रोध बदलणारा भाग. टेपरेकॉर्डरच्या व्हॉल्यूमसारखाच धुळीने खरखरणारा. तो साफ केला, व्होल्टेज मायक्रोकंट्रोलरला (छोट्या प्रोसेसरच्या चिपला) दिलं, त्यातून पीपीएम, म्हणजे सगळ्या हालचालींचे आकडे एकापाठोपाठ नेणारा सिग्नल, काढलं आणि बाकावर ठेवलेला नऊ ग्रॅमचा सर्व्हो (विमानाच्या पट्ट्या हलवणारी छोटी मोटर) मुठीबरोबर डुलायला लागला. दाजी म्हणाले, "हे विकंल." धंद्याची सुरुवात ह्या दोन शब्दांवर झाली.

पहिलं गिऱ्हाईक मिरजेचं. वायुदलातून निवृत्त झालेले, तरुणपणी किरण विमानावर शिकलेले आणि पुढे शिकवलेले. नाव लिहिलेलं त्यांना चालणार नाही, आम्ही साहेबच म्हणतो. दोन्ही अंगठ्यांना संधिवात. ट्रान्समीटरच्या त्या बारक्या दांड्या चिमटीत धरायच्या म्हणजे त्यांना शिक्षाच. शिवाय त्यांचा मूळ आक्षेप वेगळा होता. "अहो, आयुष्यभर मुठीत स्टिक धरून उडलो, आता अंगठ्याने उडवू?" सत्तरच्या दशकात क्राफ्ट कंपनीचे एकाच दांडीचे ट्रान्समीटर मिळायचे, दांडीच्या टोकाची गुंडी फिरवली की रडर (शेपटावरचं उभं सुकाणू) हलायचा, हे मला साहेबांकडूनच कळलं. म्हणजे आमची कल्पना काही जगावेगळी नव्हती. ती लोक विसरून गेले होते, एवढंच.

साहेब पॅसेंजरने मिरजेहून यायचे, पिशवीत डबा, जॉयस्टिक आणि शेंगदाण्याचे लाडू. मुरगूडच्या अलीकडे पाहुण्यांच्या रानात ऊस तुटून गेला की आमचं मैदान सुरू व्हायचं. शेजारच्या रानात मात्र ऊस उभाच असायचा. उभ्या उसात विमान पडलं की काय होतं ते तिकडच्या माणसालाच ठाऊक. आत शिरलात तर दोन हातांवरचं दिसत नाही, पाचटाने हात कापतात, आणि विमान कुठल्या सरीत आहे ते देवाला माहीत. ट्रान्समीटर बंद करून गप्प उभं राहायचं. सिग्नल गेला की बहुतेक ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे बोर्ड) मोटरमधून टीं टीं वाजायला लागतात. त्या आवाजावर जायचं. साहेब त्या वयातही पँट खोचून आमच्या पुढे.

आमचं पहिलं मॉडेल गेमपोर्टचं होतं, पण तशा जॉयस्टिक मिळेनाशा झाल्या. यूएसबीवर जायलाच हवं होतं. बरेच जण तेव्हा जॉयस्टिक लॅपटॉपला, लॅपटॉपवर प्रोग्रॅम, तिथून सिरीयल वायरीने आर्डुइनो नावाच्या छोट्या प्रोसेसर-बोर्डाला, असा द्राविडी प्राणायाम करायचे. चालतं, नाही असं नाही. पण विंडोजला तुमच्या विमानाशी काही देणंघेणं नाही. अँटिव्हायरसने मधेच डोकं वर काढलं की मूठ आत्ता हलते आणि विमान मागाहून. जमिनीपासून चार हातांवर उतरत असताना असा उशीर म्हणजे प्रोपेलर गेलाच.

म्हणून लॅपटॉप काढला. आर्डुइनो उनो आणि त्यावर यूएसबी होस्ट शील्ड, म्हणजे यूएसबी जॉयस्टिक जोडता येईल असा वरून बसणारा बोर्ड. मुंबईला इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला जाऊन शील्ड आणली. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघायचं, सकाळी ग्रँट रोड, दिवसभर दुकानं पालथी घालायची आणि रात्री परत महालक्ष्मी. शील्ड लावली आणि सर्व्हो थरथरायला लागले. आता ह्यातली गोम बघा. पीपीएमची एक फ्रेम साधारण साडेबावीस मिलिसेकंदांची. त्यात आठ चॅनेल, दर हालचालीला एक, प्रत्येकाच्या पल्सचा पल्ला १ ते २ मिलिसेकंद, मध्य दीडवर. म्हणजे विमानाचा सगळा कारभार एका मिलिसेकंदात. प्रोसेसर जॉयस्टिकशी बोलण्यात गुंतला आणि पल्सची कडा थोडी जरी इकडेतिकडे झाली तरी सर्व्हो शहारतो. उपाय एकच, प्रोसेसरमधल्या टायमर-१ ह्या घड्याळाच्या हार्डवेअर पायावरूनच (पिनेवरूनच) पल्स काढायची, सॉफ्टवेअरच्या भरवशावर नाही. उनोवर ते पाय ९ आणि १०. आणि शील्डने नेमके तेच दोन अडवलेले, एक इंटरप्टला, दुसरा चिप सिलेक्टला. हे कळल्यावर दाजींनी ज्या शब्दांत शील्ड बनवणाऱ्याची आठवण काढली ते इथे छापता येत नाही.

मग स्वतःचा बोर्ड करून घेतला. प्रोसेसर तोच, यूएसबीची मॅक्स ३४२१ई चिप तीच, पाय मोकळे. सर्व्हो एकदम गार. बोर्डाच्या कोपऱ्यात तीन मिलिमीटरचं एक भोक ठेवलं. विजेच्या दृष्टीने त्याचा काही उपयोग नाही. दाजींच्या ड्रिलच्या जिगवर बोर्ड सरकू नये म्हणून तिथे खिट्टी बसायची, बास. हे भोक लक्षात ठेवा.

२०१३ ला पुण्याच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. गोड माणूस. "सर, तुमचा प्रॉडक्ट नॅशनल लेव्हलला नेऊ." नमुन्याला म्हणून काही डबे मागवले, पैसे पुढच्या महिन्यात. आम्ही पाठवले. मग रोज फोन. हा रेझिस्टर किती किलोचा, ही चिप कुठून घेता, डब्याचा गेज काय. काही महिन्यांनी फोन बंद आणि निम्म्या किमतीत डबा बाजारात. वरचा रंग वेगळा, स्टिकर वेगळं. एक मागवून उघडला. बोर्डाच्या त्याच कोपऱ्यात तेच तीन मिलिमीटरचं भोक. त्याच्या माणसांना ते कशाला आहे ते कळलं नसणार, म्हणून त्यांनी त्यात एक स्क्रू बसवला होता, कशालाच न धरणारा. दाजींनी तो काढून आमच्या काउंटरच्या काचेखाली ठेवला. अजून आहे, या बघायला.

त्याने बोर्ड चोरला, प्रोग्रॅम मात्र त्याला मिळाला नाही. तो त्याने कुणाकडून तरी लिहून घेतला. काही जॉयस्टिक मूठ हलली तरच नवा रिपोर्ट पाठवतात, हात स्थिर असला तर गप्प बसतात. त्यामुळे रिपोर्ट आला नाही म्हणजे वायर निघाली असं समजून चालत नाही. आमचा डबा चिपला सतत विचारत राहतो, बाई, जॉयस्टिक आहे ना जोडलेली? नाही म्हटलं की थ्रॉटल (मोटरचा वेग) तडक १ मिलिसेकंदावर, बाकीचे चॅनेल मधोमध. मोटर बंद, विमान तरंगत खाली. नकलेत हे नव्हतंच. वायर निघाली तरी शेवटचा आकडा तसाच पाठवत राहायचं.

आणि सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या पोरांनी ती नक्कल ट्रेनर पोर्टला न लावता थेट आरएफ मॉड्यूलला (रेडिओ सिग्नल पाठवणाऱ्या भागाला) जोडली. म्हणजे मास्टर नाही, मास्तर नाही. प्रात्यक्षिकात वायरीला कुणाचा तरी पाय लागला, जॉयस्टिक सुटली आणि विमान फुल्ल थ्रॉटलवर क्षितिजाकडे. रिसीव्हरचा फेलसेफ (रेडिओ तुटला की मोटर बंद करणारी सोय) का नाही चालला, असं सगळे विचारत होते. कसा चालणार? रेडिओ तुटलेलाच नव्हता. मॉड्यूल इमानेइतबारे जुनाच आकडा पाठवत होतं. नशिबाने विमानाखाली माणूस सापडला नाही, विमान उसात गेलं.

नाव कुणाचं झालं? आमचं! कारण ह्या भागात जॉयस्टिकचा डबा म्हटलं की कोल्हापूरचा. "तुमच्या डब्याने विमान पळालं" असे फोन यायला लागले. ठरलेल्या ऑर्डरी थांबल्या. त्यातच ऑक्टोबर २०१४ मध्ये, नियम तयार होईपर्यंत खासगी कुणीही मानवरहित विमान उडवू नये, अशी जाहीर सूचना निघाली. कॉलेजं बिचकली, एरोमॉडेलिंगच्या स्पर्धांचे पैसे रोबोटिक्सकडे वळले. आमच्याकडे पतसंस्थेचा हप्ता आणि चिपांचा साठा, दोन्ही तुंबलेले. दाजींनी एक शब्द न बोलता लेथ विकला. पुढे नवीन घेतला, पण जुन्याची सर त्याला नाही, असं ते अजून म्हणतात.

साहेबांना हे कळलं तेव्हा ते मला म्हणाले, "चला, जाऊ त्या कॉलेजात." पिशवीत दोन्ही डबे. वर्कशॉपमध्ये प्राचार्य, शिक्षक, पोरं. बाकाला मोटर आवळली, प्रोपेलर काढून ठेवला. आधी नक्कल. साहेबांनी थ्रॉटल अर्ध्यावर नेला आणि यूएसबी उपटली. मोटर त्याच सुरात किंचाळत राहिली. साहेबांनी खिशातून घड्याळ काढून प्राचार्यांसमोर धरलं. काटा फिरतोय, मोटर फिरतीय. शेवटी प्राचार्यच म्हणाले, "बंद करा हो ते." मग आमचा डबा. उपटली, मोटर थांबली. साहेबांनी पुन्हा लावली आणि पुन्हा उपटली, शिक्षकांना शंका नको म्हणून.

प्राचार्यांनी चहा पाजला. ऑर्डर काही दिली नाही, बजेट गेलेलं होतं. तरी पोरांनी तो प्रकार सगळीकडे सांगितला आणि साहेबांच्या वायुदलातल्या जुन्या मित्रांनी आगाऊ पैसे पाठवून डबे घेतले. त्यावर आम्ही तगलो. त्या व्यापाऱ्याने आमचे नमुन्याचे पैसे आजतागायत दिलेले नाहीत.

नंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. काम होतं, पगार निघत होते. २०२० ला लोक घरात अडकले, त्यात ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचा नवा सिम्युलेटर आला आणि जॉयस्टिकच मिळेनात. डबे तयार, लावायला काही नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ड्रोन नियम आले आणि निदान कुठे उडवायचं ते नकाशावर दिसायला लागलं. ग्रीन झोनमध्ये चारशे फुटांपर्यंत. उजळाईवाडीच्या विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी नकाशा बघितल्याशिवाय बॅटरी लावू नये.

आता लिहितोच आहे तर चार गोष्टी सांगतो. मूठ पिरगाळून रडर देणारी जॉयस्टिक असेल तर रडरला डेडबँड ठेवा, म्हणजे मधल्या थोड्या हालचालीकडे डबा दुर्लक्ष करतो. नवशिका मूठ कलवताना नकळत ती पिरगाळतोच आणि मग विमान शेपूट हलवत जातं, दोष डब्याला. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो शिकायला पुरेशी आहे. तिच्या मुख्य दोन अक्षांना १०२४ पायऱ्या, थ्रॉटलला २५६. एवढ्यात कुणाचं काही अडत नाही. दोन हजार पायऱ्या पाहिजेत म्हणणाऱ्याला आधी उतरवायला सांगा. पॉट खरखरायचा कंटाळा असेल तर थ्रस्टमास्टरची टी १६००० एम घ्या. तिच्या मुख्य दोन अक्षांना हॉल सेन्सर (न घासता चुंबकाने मोजणारे) आहेत आणि ती डावऱ्यांनाही जुळवता येते. साहेब आता तीच वापरतात. उड्डाणाआधी मूठ मागे ओढून एलिव्हेटर (शेपटाची आडवी पट्टी) वर जातो का ते डोळ्याने बघा, दर वेळी. लायपो बॅटरी भरून कपाटात ठेवू नका, सेलला ३.८ व्होल्टवर ठेवा. ट्रेनर स्विचला रबर बँड लावणाऱ्याला आम्ही डबा विकत नाही. आणि धंदा करणाऱ्यांसाठी, नमुना उधारीवर देऊ नका, समोरचा कितीही 'सर, सर' करो.

ऑर्डर देताना जॉयस्टिकचं मॉडेल आणि ट्रान्समीटरचं नाव कळवा, पीपीएमची पोलॅरिटी (सिग्नल सरळ की उलटा) त्यावर ठरते. जून ते ऑक्टोबर मैदान बंद, दुरुस्ती चालू. मागच्या महिन्यात पुण्याच्या एका नव्या नावाच्या फर्मकडून पन्नास डब्यांची चौकशी आली. फोनवरचा आवाज ओळखीचा, "सर, नॅशनल लेव्हल" तेच. दाजींनी स्वतः कोटेशन टाइप केलं. शंभर टक्के ॲडव्हान्स, वर २०१३ ची थकबाकी व्याजासह.