काट्यावरची डुप्लिकेट पावती

डिसेंबरमधली गोष्ट, अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. धरणगावकडच्या एका जिनिंगवरून फोन आला, दोन गाड्यांना एकाच नंबरची पावती निघाली म्हणे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, कापसाची गाडी काट्यावर दोनदा चढते, आधी भरलेली मग रिकामी, आणि दोन्ही वजनं पावती नंबरवरच जोडली जातात. दोन गाड्यांचा नंबर सारखाच निघाला की ट्रॅक्टरच्या भरल्या वजनातून छोट्या टेम्पोचं रिकामं वजन वजा होतं. टेम्पोवाले बाबा पावती नाचवत होते, "मन्हं वजन कोठे गयं भाऊ?"

सॉफ्टवेअर बघितलं तर आमचंच! म्हणजे आम्ही काहीजण मिळून जो ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेला, प्रोग्रॅम सांभाळतो त्याचीच कॉपी, वर एका व्हेंडरचा लोगो. सोर्स, म्हणजे मूळ कोड, काही दिला नव्हता, मग पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये सगळ्या क्वेरींचा लॉग चालू केला आणि चहा मागवला. काटे दोन, डेटाबेस एक. दोन्ही कॉम्प्युटर शेवटचा नंबर वाचतात, एक मिळवतात, मग नोंद टाकतात. दोघांनी एकाच वेळी वाचलं की झाला घोळ. आणि वाचणं ते टाकणं यात दर वेळी बरोबर अर्धा सेकंद! व्हेंडरला फोन केला तर म्हणे प्रिंटर अडकायचा म्हणून स्लीप, म्हणजे मुद्दाम थांबा, टाकलाय. अरे बाबा, काही मिलीसेकंदांची फट होती ती तू अर्ध्या सेकंदाची केली.

खरा संताप पुढे आहे. आमच्या टेबलवर युनिक इंडेक्स होता, डुप्लिकेट नंबर घेतलाच नसता. याने तो काढून टाकला होता, कारण "गिऱ्हाईकाला एरर दिसायचा". म्हणजे रोग याला दिसला होता! आम्हाला कळवलं असतं तर नवीन व्हर्जन फुकट मिळालं असतं, त्यात आम्ही काउंटरची एक ओळ ठेवलीय, ती अपडेट करतानाच वाढलेला नंबर उचलायचा, पहिल्याचं होईपर्यंत दुसरा काटा आपोआप थांबतो. डेटाबेसचा आपोआप नंबर देणारा सिक्वेन्स मुद्दाम नाही वापरला, नोंद रद्द झाली तर मधला नंबर गळतो आणि मुनीम जीव खातात.

उघड्या कोडमध्ये बग नसतात असं मी म्हणत नाही. लिनक्समधली डर्टी काऊ नावाची अशीच रेस, म्हणजे दोघांनी एकाच वेळी हात घातल्याने होणारा घोळ, कित्येक वर्षं पडून होती, २०१६ ला दुरुस्त झाली, आणि हे आपण ११ वर्षांपूर्वी एकदा दुरुस्त करायला गेलो होतो पण नीट जमलं नाही, असं खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने दुरुस्तीसोबत लिहून ठेवलंय. आमचे व्हेंडर साहेब इंडेक्स काढतात आणि कुठे चकार शब्द नाही.

ऑपरेटर पोरगा हुशार, गाडी नंबर आणि वजनं वहीत उतरवायचा. त्या वहीवरून जुन्या नोंदी सोडवल्या, बाबांचं वजन जागेवर आलं, मग इंडेक्स परत लावला. आता टक्कर झाली की एरर येतो, पुन्हा बटण दाबायचं.

तर मॅनेजर साहेबांचा फोन, "आधीचं बरं होतं, एरर तरी येत नव्हता, बाहेर लाईन लागते." इंडेक्स काही मी काढला नाही. आमच्या प्रोग्रॅमचं लायसन्स जीपीएल, त्याप्रमाणे जगाला नाही तरी ज्याला प्रोग्रॅम दिला त्याला सोर्स द्यावाच लागतो, तेव्हा तुम्ही लेखी मागा, बाकी मी बघतो, असं त्यांना सांगितलं. ते म्हणाले सीझन संपू द्या.