आधी पाणी, मग गाडी

108 च्या रुग्णवाहिकेवर ईएमटी, म्हणजे जागेवरच पहिले उपचार करणारी, म्हणून काम करताना अंगात एकच घाई भिनलेली असते. पेशंट उचलायचा, ऑक्सिजन लावायचा, गाडी सोडायची. त्या दिवशी निपाणीजवळच्या तवंदी घाटाच्या पायथ्याला मला याच्या नेमकं उलट वागावं लागलं. जखमी माणसं समोर असताना मी गाडीचं मागचं दार बंद ठेवलं होतं आणि भोवतीचा जमाव माझ्यावर ओरडत होता.

गळिताचा हंगाम, थंडीचे दिवस. सकाळी कॉल आला की हायवेवर टँकर पलटी झालाय, ड्रायव्हर बाहेर निघालाय, पण 'तेलासारखं काहीतरी सांडलंय आणि माणसं घसरून पडायलीत'. हे 'तेलासारखं' ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. टँकर कलंडला की आपल्याकडं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. डिझेल असो नाहीतर गोडंतेल, बघता बघता कॅन, बादल्या, घागरी घेऊन माणसं धावतात. त्यांना दोष देणारी मी कोण? फुकट मिळणारं तेल सोडवत नाही अशी घरं मी रोज आतून बघते.

आमच्या पायलट (ड्रायव्हर) मामांनी गाडी बरीच अलीकडं, चढाच्या अंगाला उभी केली. वारा कुठून कुठं वाहतोय ते उसाच्या पाल्यावरून कळत होतं. तो आमच्या पाठीवर राहील अशी जागा त्यांनी धरली. काय सांडलंय हे कळेपर्यंत पुढं पाऊल टाकायचं नाही, हा नियम. मी मोबाईलचा कॅमेरा झूम करून टँकरच्या पाठीवरचा फलक वाचला. अशा गाड्यांवर रसायनाची माहिती देणारा फलक लावायलाच हवा, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. त्यावर रसायनाचं नाव, यूएन नंबर (रसायनाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) आणि हॅझकेम कोड (गळती किंवा आग लागली तर काय करायचं ते सांगणारा) असतो. आकडा दिसला 1824, कोड 2R. शेजारी पांढऱ्या-काळ्या चौकटीत हातावर आणि धातूवर थेंब पडतानाचं चित्र. म्हणजे वर्ग 8, जाळणारं, खाणारं द्रव्य. 1824 म्हणजे कॉस्टिक सोड्याचं द्रावण. ड्रायव्हर रस्त्याकडेला उभा राहून हिंदीत घसा फोडून सांगत होता, "कॉस्टिक है, हाथ मत लगाओ," आणि त्याचं कुणीही ऐकत नव्हतं.

कॉस्टिकचा घात असा की ते लगेच सांगत नाही. ॲसिड अंगावर पडलं की माणूस किंचाळतो, स्वतःहून पाण्याकडं पळतो. कॉस्टिक लागलेला माणूस म्हणतो, "मला काय झालं नाही ओ, नुसतं बुळबुळीत लागतंय." ते बुळबुळीत लागतं, कारण कातडीतल्या चरबीचा तिथल्या तिथं साबण होत असतो. दुखायला लागेपर्यंत ते खोलवर उतरलेलं असतं, आणि धुऊन निघालं नाही तर तासन् तास उतरत राहतं. टँकरमधलं द्रावण 48 टक्क्यांचं होतं. पाण्याच्या दीडपट जड. वीस लिटरचा कॅन भरला की तीस किलोचा होतो, खांद्यावर घेताना हिसडा बसतो, झाकण उडतं. एका विशी-बाविशीतल्या पोराचं तसंच झालं होतं. मान, छाती आणि उजवा डोळा.

सगळ्यांत पुढं एक बाई होत्या. हातात जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, मोठं पातेलं. त्या पातेल्यात द्रव फसफसत होतं आणि पातेलं गरम होत चाललं होतं. त्यांना वाटलं तेल उकळतंय. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो, पेट घेणारा वायू. शेजारी दोघंतिघं बिड्या ओढत उभे. मी मराठीत ओरडले, हवालदार कन्नडात ओरडले. पातेलं खाली ठेवून बाई मागं सरल्या आणि बिड्या विझल्या, तेव्हा मला श्वास घेता आला.

आता पाणी. गाडीत सलाईनच्या बाटल्या मोजक्या असतात. त्या डोळ्यासाठी राखायच्या. अंग धुवायला हवं ते धो धो वाहणारं पाणी, आणि तेही थोडंथोडकं नाही. दाट कॉस्टिकमध्ये जरासं पाणी मिसळलं तर उलट ते तापतं. भरपूर पाणी असलं तरच उष्णताही वाहून जाते. चढाकडच्या बाजूला एका शेतकऱ्याची विहीर होती, आणि त्या वेळी थ्री फेज चालू होतं ही देवाचीच कृपा. काकांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. मोटर सुरू केली, दोन इंची पाईप उसातून ओढत आणला आणि विचारलं, "कुठं धरू?" थंडीच्या सकाळी विहिरीचं पाणी कोमट असतं, तेही पथ्यावर पडलं. एक पोरगा औषध फवारायचा पंप घेऊन धावत आला होता. त्याला परत पाठवलं, कारण पंपात कीटकनाशकाचा अंश असतो.

धुणं म्हणजे कपड्यांवरून पाणी ओतणं नव्हे. आधी कपडे काढायचे. अंगावर पडलेलं बहुतेक रसायन, 80 ते 90 टक्के, कपड्यांबरोबरच जातं असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. शर्ट डोक्यावरून काढायचा नाही, नाहीतर ओलं कापड तोंडावरून आणि डोळ्यांवरून घासत जातं. कात्रीनं समोरून उभा कापायचा. मग वरून खाली पाणी सोडायचं, न घासता, न चोळता. आणि खाली गेलेलं पाणी कुठं वाहतंय तेही बघायचं, विहिरीकडं नको, ओढ्याकडं नको. अग्निशामक दलाची गाडी आली तेव्हा त्यांनी रस्त्याच्या कामावरचा जेसीबी बोलावून ओढ्याच्या तोंडाशी मातीचा बांध घातला. ते काम मी नीट बघूही शकले नाही.

हे सगळं चालू असताना जमाव तापत होता. "मॅडम, पाणी काय वतत बसलायसा? आदी दवाखान्यात न्या की!" त्या पोराचा चुलता माझ्या अंगावर धावून आला. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, आत्ता गाडीत घातलं तर दवाखान्यात पोचेपर्यंत त्याची कातडी आत जळत जाईल. आणि बंद गाडीत तेच माझ्या हाताला, मामांच्या हाताला लागेल. मग पुढचा पेशंट कोण नेणार? तुम्ही पाईप धरा." त्यानं पाईप धरला. मग अर्धा तास तोच बाकीच्यांवर ओरडत होता, "नीर हाक्री, निल्सब्याड्री!" (पाणी घाला, थांबवू नका!) आमच्या सीमाभागात माणूस कळकळीनं बोलायला लागला की भाषा आपोआप बदलते, मराठीत सुरू केलेलं वाक्य कन्नडात संपतं. मदत कुठल्या भाषेत आली हे तिथं कुणीच बघत नव्हतं.

कुणी लिंबू आणले, कुणी ताक. आंबट घातलं की सोडा मरतो, हे हिशेबानं खरं आहे, पण अंगावर तो हिशेब करायचा नसतो. त्या मरण्यातसुद्धा उष्णता निघते आणि भाजलेल्यावर पुन्हा भाजतं. शिवाय लिंबू कापण्यात गेलेला वेळ पाण्याचा असतो.

पातेलंवाल्या बाईंचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. भर रस्त्यात, एवढ्या बाप्यांसमोर त्या लुगडं सोडायला तयार नव्हत्या, आणि त्यांचं काय चुकलं? गावातल्या चौघीजणींनी गाडीतल्या चादरी धरून आडोसा केला, पुरुषांना पाठ फिरवायला लावली. मी आत गेले. पाय धुताना बोटांतली जोडवी दिसली. धातूखाली, कातडीच्या घडीत हे द्रव अडकून बसतं, वरून कितीही पाणी घाला. "जोडवी काढा मावशी." त्या हात जोडून नको म्हणाल्या. नवरा जिवंत असताना जोडवी काढायची कशी? चादर धरलेली एक म्हातारी आजी आतून म्हणाली, "काढ गं, धुऊन परत घाल. पायच गेला तर घालशील कशात?" जोडवी निघाली. खाली दोन्ही बोटांना पांढुरका, मऊ पडलेला पट्टा होता. बाकी पाय ठीक दिसत होता.

तसंच एका माणसाच्या चपलेचं. कोल्हापुरी कापशी चप्पल, कोरी. पाय धुवायला तयार, चप्पल काढायला नाही. चामडं कॉस्टिक पिऊन घेतं आणि पायाला पाजत राहतं. ते धुऊन स्वच्छ होत नाही, टाकूनच द्यावं लागतं. ज्या भागात अशी चप्पल हौसेनं घेतात तिथं हे सांगणं मला जड गेलं, पण चप्पल पिशवीत गेली.

डोळा मी स्वतः धरला होता. पोराला उजव्या कुशीवर, म्हणजे लागलेला डोळा खालच्या बाजूला येईल असा आडवा केला, म्हणजे धुवण दुसऱ्या डोळ्यात जात नाही. पापणी मिटण्याची ताकद किती असते हे डोळा धुतल्याशिवाय कळत नाही. चुलत्यानं डोकं धरलं, मी दोन बोटांनी पापण्या फाकवल्या आणि सलाईनच्या सेटची नळी कापून धार सोडली. "वर बघ, खाली बघ, नाकाकडं बघ." बुबुळ फिरलं तर पाणी कोपऱ्यांत जातं. अंग धुऊन झाल्यावर त्याला गाडीत घेतलं, तरी डोळ्यावरची धार निपाणीपर्यंत थांबवली नाही.

दवाखान्याच्या पोर्चमध्ये वेगळाच गोंधळ. तिघं जण आमच्याआधी मोटारसायकलवरून थेट तिथं पोचले होते, ओल्या कपड्यांनिशी. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरनी त्यांना दारातच अडवलं, बागेची नळी घेतली आणि पोर्चमध्येच धुवायला सुरुवात केली. नातेवाईक चिडले, पण सिस्टरनी आत पाऊल ठेवू दिलं नाही. 20 मार्च 1995 ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हे मज्जासंस्थेवर घाव घालणारं विष सोडलं गेलं तेव्हा बाधित लोक मिळेल त्या वाहनानं, न धुता दवाखान्यांत शिरले आणि सेंट लूक या एकाच रुग्णालयात शंभरावर कर्मचाऱ्यांना विषबाधेची लक्षणं झाली. सरीनची आणि कॉस्टिकची तुलना नाही. पण दारात उभं राहून 'आधी धुवा' म्हणणारं माणूस दोन्हीकडं तितकंच लागतं. त्या सिस्टरना मी मनातून नमस्कार केला.

डोळा पुरेसा धुतला गेलाय की नाही हे घड्याळावरून ठरत नाही. सिस्टरनी लघवी तपासायची पट्टी आणली, कात्रीनं तिचा फक्त पीएचचा चौकोन ठेवला आणि पोराच्या खालच्या पापणीच्या आत टेकवला. चौकोन गर्द निळसर हिरवा झाला. म्हणजे अजून क्षार आहे. पुन्हा बाटली. वरची पापणी उलटी करून तिच्या मागून धार. पुन्हा पट्टी. रंग उतरून 7 च्या, म्हणजे ना आम्ल ना क्षार अशा आकड्याच्या, जवळ आला, तरी त्यांनी दहाएक मिनिटं थांबून परत तपासलं, कारण आतल्या थरात मुरलेलं पुन्हा बाहेर झिरपतं. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडं कोल्हापूर. बेळगाव पंचाहत्तर किलोमीटर, कोल्हापूर चाळीस. नजर बरीचशी वाचली, हे मला पुढं त्याच्या चुलत्यानंच फोन करून सांगितलं.

निपाणी ही तंबाखूची पेठ, म्हणून इथं हे लिहिते. खिशातल्या चुन्याची पुडी दाबताना मुलांच्या डोळ्यात चुना उडतो, तोही कॉस्टिकच्याच जातीचा. लोक आधी तूप नाहीतर लोणी घालतात. तसं करू नका. चुन्याचा खडा दिसला तर तो ओल्या स्वच्छ कापडानं आधी अलगद काढा आणि नळाखाली डोळा धरा. घरातलं पिण्याचं पाणी चालतं. मग दवाखाना.

संध्याकाळपर्यंत आम्ही गाडी, स्ट्रेचर, गमबूट धुतले. मला त्या रात्री भीती वाटत होती ती निराळीच. आमच्याआधी किती कॅन घरी गेले होते? कॉस्टिक दिसायला पाण्यासारखं. कुणी ते पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलं आणि पोरानं तोंडाला लावलं, तर अन्ननलिका जळते, आणि तिथं माझ्या पाईपचा काही उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. मी गावातल्या आशाताईंना घेऊन घराघरांत फिरले. पोलिसांच्या जीपवरून कन्नड आणि मराठीत सूचना देऊन झाली होती, पण 'आमच्याकडं काय नाही' हेच उत्तर. केस होईल या भीतीनं कुणी कबूल करेना. आशाताईंनी नाव घेणंच सोडून दिलं. त्या दारात उभ्या राहून एवढंच म्हणायच्या, "कुणाचं आहे विचारत नाही. रात्री शाळेच्या भिंतीला ठेवून जा. पण आत्ता पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा." एका घरात मोरीच्या कट्ट्यावर कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटलीत ते निघालं, शेजारी पाण्याचा तांब्या. घरातल्या सुनेनं फरशी घासायला ठेवलं होतं. हातमोजे घालून मी बाटली उचलली, झाकण घट्ट केलं आणि आशाताईंनी तिच्यावर लाल मार्करनं फुली मारली.

सकाळी शाळेच्या भिंतीला कॅनची रांग लागली होती. टँकर ज्यांचा, त्या कंपनीची माणसं रबरी सूट घालून आली आणि ते सगळं प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये भरून घेऊन गेली. विहिरीवरचे काका तिथंच उभे होते. त्यांनी मला विचारलं, उसाच्या मुळाशी ते पाणी गेलंय, काय करू? मी त्यांना कृषी अधिकाऱ्यांकडं मातीचा नमुना द्यायला सांगितलं आणि त्यांच्याबरोबर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात गेले.