आत माणूस असतो, मला माहीत आहे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नाच्या पंगतीत विचारलंत, ऑफिसच्या लिफ्टमध्ये विचारलंत, फोटो बघितल्या बघितल्या फोन करून विचारलंत. शब्द इकडचे तिकडे, पण प्रश्न एकच: सेहेचाळीस वर्षांचा, पोरंबाळं नसलेला माणूस थीम पार्कात जाऊन त्या भल्यामोठ्या अस्वलाला मिठी मारायला तासभर रांगेत का उभा राहतो? आणि लगेच, आजाऱ्याशी बोलावं तशा हलक्या आवाजात: आत माणूस असतो, ठाऊक आहे ना?

ठाऊक आहे. तुमच्यापेक्षा जरा जास्तच ठाऊक आहे. त्या पोशाखात आतल्या माणसाचा असा घामटा निघतो की थोड्या थोड्या वेळाने त्याला आत न्यावंच लागतं. कोणी कोणतं पात्र व्हायचं हे बरंचसं उंचीवर ठरतं. राजकन्या वगैरे उघड्या चेहऱ्याची पात्रं बोलतात. अख्खं डोकं चढवलेली बहुतेक बोलत नाहीत, जे काय ते हातवाऱ्यांनी. पात्राची सही घोटून घेतलेली असते, म्हणजे आज आत कोणीही असो, पाहुण्याच्या वहीत उमटणार तीच. डिस्नेच्या पार्कांत हे काम केलेली मंडळी ‘मी मिकी होतो’ असं म्हणत नाहीत, ‘मी मिकीचा मित्र होतो’ म्हणतात. एवढं सगळं माहीत असून मी रांगेत लागतो. वेड पांघरून पेडगावला जातो म्हणा हवं तर. पांघरूण माझं मीच नेलेलं असतं, कोणी फसवून घातलेलं नाही.

‘लहानपणी काही राहून गेलं का?’ हा जोडप्रश्न. नाही हो. बालपण छान गेलं, कंटाळा येईल इतकं छान. आणि हे विचारणाऱ्यांपैकी एका गृहस्थांनी मेणाच्या पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकून काढलेला फोटो फ्रेम करून भिंतीला लावलाय. तिथे तर आत माणूसही नव्हता.

शिवाय हे सगळं पोरांसाठीच असतं, हे कोणी ठरवलं? १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा पात्रांचे पोशाख ‘आइस कपेड्स’ या बर्फावरच्या खेळाकडून उसने आणले होते. म्हणजे ती सोंगं आधी मोठ्यांनीही तिकीट काढून बघितलेली होती. शांघायच्या डिस्ने पार्कात २०२१ मध्ये लिनाबेल नावाची गुलाबी कोल्हीण आली. तिच्यामागे सिनेमा नाही, तरी तिला भेटायला कित्येक तासांच्या रांगा लागल्या, आणि त्यांत कमावती, नोकरदार माणसं भरपूर. टोकियो डिस्नेसीमध्ये धडधाकट बायका डफी नावाचं खेळण्यातलं अस्वल कडेवर घेऊन हिंडतात. उलट, चौदा वर्षांवरच्या पाहुण्याने पात्राचा वेश करून यायचं नाही, असा अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांचा एरवीचा नियम आहे. बघा, सोंग घ्यायला वयाची अट आहे. सोंगाला भेटायला नाही.

वकिली पुरे. मी स्वतः हसणाऱ्यांतला होतो, तेही सांगायला हवं. एकतिसाव्या वर्षी बहिणीच्या कुटुंबाबरोबर पहिल्यांदा गेलो ते पिशव्या सांभाळायला. एक पिकल्या केसांचे गृहस्थ एकटेच भेट घेऊन बाहेर आले, चष्मा काढून डोळे पुसत. मी बहिणीला म्हणालो, ‘याला म्हातारचळ लागलाय.’ ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो. मराठी त्यांना कळणार नाही, या भरवशावर.

त्याच दिवशी आमची भाची सई, तेव्हा पाच वर्षांची, अस्वलाला घाबरली आणि माझ्या मागे लपली. अस्वल पुढे आलं नाही. जागच्या जागी गुडघ्यावर बसलं, तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून हात पसरले. घाबरण्यासारखं काही नाही हे तिला दाखवायचं होतं. मी नमुन्यादाखल मिठीत गेलो. पिशव्या हातातच होत्या. खांदे खाली आले तेव्हा कळलं की ते इतका वेळ वर चढलेले होते. बहुधा काही वर्षं.

एकतिशीतला मी आज समोर आला तर म्हणेल, हे विकतचं प्रेम आहे, त्या माणसाला याचा पगार मिळतो. खरं आहे. यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते लंगडं आहे: बोलता येत नाही म्हणून त्याला माझ्याकडे नीट बघावं लागतं. काय करता, कुठे असता, मुलं किती, हे तो विचारत नाही. एकतिशीतला तो म्हणेल, मग आरशासमोर उभा राहा. तो माझ्यापेक्षा हजरजबाबी होता.

आता जे आजवर तुमच्यापैकी कोणाला सांगितलं नाही, ते. पार्कचं नाव घेत नाही. मी अडतीस वर्षांचा होतो, एकटा गेलो होतो, आणि हातात सईची जुनी सह्यांची वही होती. वरच्या चिकटपट्टीवर तिच्या हातची वेडीवाकडी अक्षरं. एकटा पुरुष रांगेत दिसला की आया पोरांना जरा जवळ ओढतात. लहान मुलीच्या नावाची वही हातात असली की ओढत नाहीत. वही त्यासाठी होती. सई तेव्हा बारा वर्षांची, तिला अस्वलांचा कंटाळा आलेला.

सत्तर मिनिटं उभा होतो. माझा नंबर आला आणि अस्वलाबरोबरच्या बाईंनी माझ्या मागे दोरी लावली: यांच्यानंतर बंद. दोरीपलीकडे पाचसहा वर्षांची मुलगी होती, केस पावसाने चप्प बसलेले, आणि तिची आई. आई काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. बाईंनी नम्रपणे विचारलं, ‘मूल कुठे आहे तुमचं?’

मी बाजूला होऊ शकलो असतो. पाऊलभरच तर सरकायचं होतं. मी वही पुढे केली आणि म्हणालो, ‘भाचीसाठी. ती आजारी आहे, येऊ शकली नाही.’

बाईंनी मान हलवली, मला पुढे सोडलं. अस्वलाला यातलं काही ऐकू गेलं नसावं. त्याने वही घेतली, नाव बघितलं, आणि त्याच्या कामाप्रमाणे खेळ सुरू केला. कपाळावर पंजा आडवा धरून सईला शोधायला लागलं. माझ्या पाठीमागे बघितलं. बाकाखाली वाकून बघितलं. मग त्याला दोरीपलीकडची मुलगी दिसली. तिच्याकडे बोट करून त्याने मान तिरकी केली: हीच का?

मुलीने वर बघितलं. मी मान हलवली, नाही. आणि माझ्या छातीवर बोट ठेवलं.

अस्वल क्षणभर थांबलं. ते थांबणं अस्वलाचं नव्हतं, आतल्या माणसाचं होतं. मग हात पसरले. मिठी नेहमीसारखीच होती, तितकीच चांगली, आणि हे मला आजही गिळता येत नाही. ती फिकी लागली असती तर हिशेब फिटला असता.

त्यानंतर वही नेणं सोडलं, जाणं नाही. महामारीत पार्क बंद झाले, उघडल्यावर पात्रं लांबूनच हात हलवायची. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत मिठ्या परत सुरू झाल्या १८ एप्रिल २०२२ ला. ही तारीख मला पाठ आहे. सख्ख्या भावाच्या वाढदिवसाची फोनला आठवण करून द्यावी लागते. यावर हसायचं असेल तर हसा.

सईला हे सगळं गेल्या दिवाळीत सांगितलं. ती आता वीस वर्षांची आहे. आपल्याला आजारी पाडल्याबद्दल ती चिडेल असं वाटलं होतं, पण त्याचं तिला काही नव्हतं. तिने विचारलं, ‘मामा, ती मुलगी रडली का रे?’

मी दुसऱ्या दाराने बाहेर पडलो होतो.