दोन्हीकडं सिंह

साताऱ्यात मोती चौकाजवळ माझं जुन्या नाण्यांचं छोटं दुकान आहे. मागच्या श्रावणात एका दुपारी कोरेगावकडच्या एक काकू पत्र्याचा डबा घेऊन आल्या. यजमान एसटीत कंडक्टर होते, आता हयात नाहीत. वेगळं दिसणारं नाणं आलं की खिशातला रुपया बॅगेत टाकून ते घरी आणायचे. एकेक नाणं जुन्या तिकिटात गुंडाळलेलं.

"दादा, वाकड्या छापाला लाख मिळतात म्हणं?"

नाणी विकून देतो म्हणून फोनवर कुणीतरी त्यांच्याकडं 'नोंदणी फी' मागत होतं. आधी ते थांबवलं. असल्या फसवणुकीचा इशारा रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच दिलाय.

त्यांची आशा होती ती घरातल्या शिवराई नावाच्या तांब्याच्या जुन्या नाण्यांवर. 'श्री राजा शिव' मधलं 'शिव' पार कडेबाहेर गेलेलं. मला वाईट वाटलं, पण सांगावं लागलं. शिवराई हातोड्याच्या घावानं पाडायचे. ठप्पा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळं अक्षरं बाहेर जायचीच. तिथं पूर्ण अक्षरांची शिवराई दुर्मीळ, आणि भाव तिलाच. यंत्रावरच्या नाण्याचं नेमकं उलटं. तिथं चकती कड्यात बसवून छापतात, छाप सरकणं क्वचितच. म्हणून सरकलेल्याला गिऱ्हाईक मिळतं, आणि साल वाचता येत असेल तर जास्तच.

मग बाकीच्या पुड्या. बरीच नाणी नुसती ठेचलेली, भाजलेली. दोषनाणं म्हणजे टाकसाळीतच चुकलेलं नाणं; बाहेर झालेली इजा त्यात धरत नाहीत. एकाची कड चंद्रकोरीसारखी तुटलेली. पत्र्यातून चकत्या कापताना आधीच्या भोकावर घाव पडला तर अशी कोर जाते, पण मग तिच्या बरोबर समोरची कडही पुसट उमटते. हिची समोरची कड ठणठणीत होती. कुणीतरी कानशीनं घासलेली.

शेवटच्या पुडीत रुपया निघाला. दोन्हीकडं अशोकस्तंभाचे सिंह. असली नाणी पुष्कळदा दोन अर्धी जोडून बनवलेली असतात. भिंगातून कडेच्या आतल्या बाजूनं फिरलो, सांधा नाही. काट्यावर सहा ग्रॅम, १९८३ पासूनच्या तांबे-निकेलच्या रुपयाचं बरोबर वजन. आणि एका बाजूचे सिंह खोलगट होते, अक्षरं आरशातल्यासारखी उलटी. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच ठसा बसला. आम्ही याला ब्रॉकेज म्हणतो. साल असलेली बाजू छापलीच गेली नव्हती. इतकं पूर्ण ब्रॉकेज माझ्या दुकानात पहिल्यांदाच आलं होतं. हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू.

"काकू, याचे पैसे येतील. लाख नाही, हजारांत."

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गर्दीच्या गाडीत, एका हातानं पैसं घेताना हे दिसलं व्हय त्यांना?"

नाणं विकायचं त्यांनी ठरवलं. मी पाकीट करताना तिकीटही सोबत ठेवलं. ज्यातून निघालं ते सोबत असलेलं बरं. काकूंनी ते उचललं, उजेडाकडं धरून पंचची भोकं बघितली.

"नाणं घ्या दादा. तिकीट नाही देणार."